संमती मागायची तर मराठीत मागा

भालकी तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी गेल्या लग्नसराईत आमच्या काउंटरवर आले. "साहेब, माझ्या मुलीचं लग्न ठरलंय हे या कर्जवाल्यांना कुणी सांगितलं? रोज फोन येताहेत." संशय अर्थातच बँकेवर होता. विचारपूस करता कळले, की लग्नाचा बस्ता बांधताना दुकानात त्यांनी 'लकी ड्रॉ'चे कूपन भरले होते. नाव, गाव, मोबाईल नंबर आणि लग्नाची तारीखसुद्धा! खाली बारीक अक्षरात संमतीचा मजकूर होता, कन्नड व इंग्रजीत. गुरुजींचे सारे शिक्षण मराठीतून. न वाचताच सही झाली.

ग्राहकाच्या व्यवहाराची वाच्यता करू नये, हे बंधन राष्ट्रीयीकृत बँकांवर १९७० च्या कायद्यानेच आहे. दुकानदाराला मात्र गिऱ्हाइकाची यादी म्हणजे आपलाच माल वाटतो. हा बाजार किती मोठा आहे? दवाखान्यापासून दागिन्यांपर्यंत आपण ज्या हैदराबादेत जातो, तिथल्या सायबराबाद पोलिसांनी २०२३ मध्ये माहिती विकणाऱ्यांना पकडले, तेव्हा एका प्रकरणात १६.८ कोटी आणि दुसऱ्यात ६६.९ कोटी लोकांची व संस्थांची माहिती सापडली.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. याचिका आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची होती. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले. व्यापाऱ्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासूनची आहेत.

या कायद्यातील एक तरतूद सीमाभागातील आपल्या प्रत्येक घराने पाठ करावी अशी आहे. माहिती कशासाठी हवी याची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय ग्राहकाला दिली पाहिजे. त्या २२ भाषांत मराठी आहे. राज्य कोणते, जिल्ह्यात मराठी भाषिक किती टक्के, हा प्रश्नच इथे येत नाही. अल्पसंख्याक म्हणून अर्जविनंत्या करण्याची सवय लागलेल्या आपल्याला हे खरे वाटणार नाही, पण आहे तसे. कन्नडशी आपले भांडण नाही; ज्याला कन्नड कळते त्याने कन्नडमध्ये वाचावे. न कळणाऱ्या भाषेत घेतलेल्या सहीला संमती म्हणू नये, एवढेच म्हणणे.

कायद्यात खोटही आहे. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. गुरुजींच्या हाती त्यातला रुपयाही नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याचे भरपाई देणारे ४३-अ हे कलमच रद्द होणार आहे. ज्याचे नुकसान झाले त्यालाच वगळणारा हा कोणता हिशेब? आपल्या खासदारांना हे विचारायला हवे. शिवाय कागदावरच राहिलेली माहिती या कायद्यात येत नाही. कूपन संगणकावर चढले तरच येते.

तोवर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे ही त्यात अनुचित व्यापार प्रथा ठरते. दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागायची, आणि खरेदीची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. तेव्हा पावती जपून ठेवा.

आता घरचा आहेर. समाजाच्या वधू-वर सूचीत आपण मुलींचे मोबाईल नंबर, जन्मतारीख, वडिलांचे उत्पन्न छापतो, आणि ती पुस्तिका मोबाईलवर कुठून कुठे जाते याचा पत्ता नसतो. दुकानदाराला जाब विचारण्याआधी आपला अर्ज नीट करू. काय छापायचे, किती दिवस ठेवायचे आणि कोणाला द्यायचे, हे त्यात स्वच्छ मराठीत लिहिलेले असावे. मसुदा मी करून देतो. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा.