मुलूखगिरीविना अंतराळ

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गावरील आमच्या लाखनीसारख्या तालुक्याच्या गावीही ‘मुले खेळातून डोके वर काढीत नाहीत’ ही तक्रार पालक आणि शिक्षक एकाच स्वरात करतात. परंतु यच्चयावत व्हिडिओ गेमवर बंदीहुकूम बजावण्यापूर्वी २०१९ साली आलेल्या ‘आउटर वाइल्ड्स’ या अंतराळभ्रमणाच्या खेळाचा साक्षेपाने विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.

या खेळाची धाटणी हेतुपुरस्सर जुनी आहे. यान लाकडी फळ्या ठोकून सिद्ध केलेले, आणि परग्रहावर भेटणारा सहप्रवासी शेकोटीपाशी बँजो वाजवीत बसलेला. खेळाडूच्या हाती शस्त्र नाही, लुटावा असा खजिना नाही, काबीज करण्याजोगा मुलूख नाही. दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन अवघी ग्रहमाला भस्मसात होते व सारे पूर्ववत आरंभापासून सुरू होते, तेव्हा त्याच्यापाशी शिल्लक राहते ते केवळ ज्ञान. कोणता ग्रह हळूहळू वाळूने भरत जातो, कोणाचे कवच तुटून त्याच्याच उदरातील कृष्णविवरात कोसळते, हे ज्याने त्याने स्वतः निरीक्षणाने ताडावयाचे असते. पुढे कोठे जावे हे दाखविणारा बाण पडद्यावर उमटत नाही, आणि माझ्या मते या खेळाचे सारे आकर्षण त्या अभावातच आहे.

हे दारिद्र्य कल्पनाशक्तीला पोषक ठरते, याचा जुना दाखला १९८४ सालच्या ‘एलिट’ या अंतराळ-खेळाचा. डेव्हिड ब्रेबेन व इयान बेल या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकात आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला बसविल्या. एवढ्यांची नावनिशी दप्तरी ठेवण्यास जागाच नसल्यामुळे ती मोजक्या आकड्यांपासून गणिती नियमाने दर वेळी नव्याने, तरीही तंतोतंत तशीच, निर्माण होई. त्यात व्यापार होता, चकमकीही होत्या. पण पडद्यावर दिसत ते नुसते रेषांचे सांगाडे, आणि उरलेले विश्व खेळणाऱ्यानेच मनात रचावयाचे.

मराठी वाचकाला अंतराळाविषयीचे हे कुतूहल परके नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेस प्रथम पारितोषिक मिळाले, आणि तिचे लेखक डॉ. जयंत नारळीकर असल्याचे मागाहून उघड झाले. अशा कथांवर वाढलेल्या पिढीने नातवंडांच्या हातातील अशा खेळाकडे संशयाने पाहावे, हे मला खटकते.

खरी अडचण निराळीच आहे. ‘आउटर वाइल्ड्स’चा प्राण त्यातील एका लुप्त जमातीच्या लेखांत आहे, आणि ते लेख मराठीत नाहीत. इंग्रजीचा सराव नसलेला आमच्याकडील नववीतला मुलगा त्या ग्रहांवर उतरतो खरा, पण तेथील दस्तऐवज त्याला मुके राहतात. ज्या परिषदेने विज्ञानकथेला स्पर्धेच्या रूपाने हक्काचे व्यासपीठ दिले, तिने आता मराठीतील अशा एखाद्या खेळाच्या संहितेसाठीही पारितोषिक ठेवावे.