माइक महाग, माणूस लांब

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ हल्ली भेटेल त्याला माइक सुचवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिडिओ कॉलवर आवाज वाईट येतो, कारण माणसाच्या हातून पैसा सुटत नाही. स्टुडिओतला कंडेन्सर माइक घ्या, टेबलावर उभा करा, की आवाज थेट आकाशवाणीचा. (मधे बरंच इंग्रजी येतं, ते गाळलं आहे.)

आकाशवाणीचा निवेदक माइकच्या पुढ्यात बसतो, आणि त्याच्या भिंती आवाज पिऊन टाकतात. आपल्याकडे दहा बाय बाराची खोली, गुळगुळीत फरशी, काचेची सरकती खिडकी, वर पंखा आणि साडेदहाला कुकर. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं, की थेट येणारा आवाज 6 डेसिबलनं घटतो. माइक 15 सेंटिमीटरवरून 60 वर गेला, म्हणजे 12 डेसिबल गेले. पंखा मात्र होता तिथेच, आणि फरशीभिंतींवर आपटून येणारा घुमारा तर खोलीभर सारखाच. मग सॉफ्टवेअर आपणहून आवाज चढवतं. त्याबरोबर पंखाही चढतो आणि माणूस विहिरीतून बोलू लागतो. माइक जितका संवेदनशील, तितकी कुकरची शिट्टी सुश्राव्य. ‘पण तो फक्त समोरचंच ऐकतो!’ असं गृहस्थ विजयी मुद्रेनं सांगतात. मान्य. तुमच्या पाठीमागची भिंत त्याच्या समोरच असते, त्याचं काय?

हा वाद मला नवा नाही. नाटकाला माइक असावा की नसावा, यावर आम्ही कट्ट्यावर कित्येक संध्याकाळी घालवल्या. विरोधक म्हणत, माइकनं नट आळशी झाले. मी म्हणे, माइकचा गुन्हा नाही, तो टांगलाय कुठे ते बघा: नट पाठमोरा झाला की वाक्य विंगेत, आणि पायऱ्यांची धाडधाड शेवटच्या रांगेपर्यंत. कोणी ऐकलं नाही. चहाचे पैसेही मीच दिले.

‘सॉफ्टवेअर गोंगाट काढतं’ म्हणतात. काढतं, आणि जाताना वाक्याची शेपटीही नेतं. लॅपटॉपचा माइक कळफलकाचा शेजारी, तेव्हा तो टकटकच आधी ऐकणार. ब्लूटूथवाल्यांना एवढंच सांगतो, की माइक चालू होताच जोडणी बहुधा फोनच्या पद्धतीवर घसरते, सँपलिंग 16, कधी 8 किलोहर्ट्झवर येतं, आणि मग ‘स’ की ‘फ’ हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. कॉलमध्ये आवाज चेपला जातोच, मग काळजी कशाला, असंही नाही. 2012 साली प्रमाणित झालेलं ओपस हे तंत्र 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज वाहून नेऊ शकतं. म्हणजे तुमचा घुमाराही इमानेइतबारे पोचतो.

मग घ्यायचं काय? गालाशी दांडी असलेला तारेचा साधा यूएसबी हेडसेट. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर. अगदी समोर आणलात तर ‘भाऊ’ म्हणताच फट्‌ वाजेल. मान कुठेही वळवा, अंतर तेच. खिडकीला जाड पडदा लावलात तर उत्तम. पॉडकास्ट करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी माइकला खुशाल मिठी मारावी.

हेडसेट लावला की माणूस कॉल सेंटरमधला दिसतो, हा गृहस्थांचा शेवटचा आक्षेप. त्यावर मला उत्तर सुचलेलं नाही. केसही विस्कटतात, पण तो प्रश्न आम्हा दोघांनाही उरलेला नाही.