संगणक-कट्टा : पडदा फाटला? छे, ताल चुकला!

दोस्तांनो, या वेळी एक पत्र जरा घाबऱ्या सुरात आलंय. नववीतला वाचकमित्र लिहितो, 'घरच्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली. तेव्हापासून गेम पूर्ण पडद्यावर लावला, की चित्र मधूनच आडवं चिरल्यासारखं दिसतं. गाडीचं टप एकीकडे, चाकं दुसरीकडे! बाबा म्हणतात, मॉनिटर गेला. नवा घ्यावा लागेल का?'

थांबा, इतक्यात पैसे काढू नका! आधी पडद्याचं काम कसं चालतं ते बघू.

समजा, बाई फळ्यावर लिहिताहेत आणि तुम्ही ते वरून खाली, ओळीओळीने वहीत उतरवताय. तुम्ही निम्म्यावर आलात आणि बाईंनी फळा पुसून नवा मजकूर लिहिला, तर? पानाचा वरचा भाग जुना, खालचा नवा! इथे बाई म्हणजे चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड आणि वही म्हणजे मॉनिटर. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र उतरवतो. मध्येच चित्र बदललं, की जोडावर चीर दिसते. हेच 'स्क्रीन टेअरिंग'.

यावर तोड आहे दोन फळ्यांची. पुढच्या फळ्यावरून तुम्ही उतरवायचं, मागच्यावर बाईंनी लिहायचं आणि तुमचं पान संपलं, की मगच फळे बदलायचे. पान संपेपर्यंत थांबण्याच्या या शिस्तीला म्हणतात व्ही-सिंक.

मग छोट्या खिडकीत तोच गेम नीट का दिसतो? कारण तिथे वर्गाचा मॉनिटर असतो (पडदा नव्हे, वर्गावर लक्ष ठेवणारा!). सगळ्या खिडक्यांची चित्रं गोळा करून तो एकच चित्र बनवतो आणि वेळेवर पुढे देतो. या प्रोग्रॅमला कंपोझिटर म्हणतात. विंडोजमध्ये तो २००७ च्या व्हिस्टापासून आहे. पूर्ण पडदा व्यापणारा गेम मात्र वेळ वाचवायला बरेचदा त्याला वगळून थेट पडद्याकडे चित्र धाडतो. मग शिस्त लावणार कोण?

सिस्टिम बदलताना आणखी एक घोळ होऊ शकतो. कार्डाला चालवणारा ड्रायव्हर जाऊन त्याजागी कामचलाऊ ड्रायव्हर बसतो, किंवा तुमची जुनी सेटिंग्ज पुसली जातात. त्यात व्ही-सिंकही बंद होऊ शकतं.

आता करून बघा :

१. चित्र स्थिर असतानाही रेघ त्याच जागी दिसते? मग मॉनिटर किंवा केबल तपासून घ्या. फक्त हलत्या चित्रात, जागा बदलत दिसते? मग मॉनिटर बिचारा ठणठणीत असण्याचीच शक्यता जास्त.

२. चीर दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या. त्यात ती सहसा नसते, कारण स्क्रीनशॉट म्हणजे फळ्याचा फोटो, वहीचा नव्हे!

३. मोठ्यांना विचारून, कार्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून योग्य ड्रायव्हर घ्या. भलतीकडून नको.

४. गेमच्या किंवा कार्डाच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू करा.

व्ही-सिंक फुकट मिळत नाही बरं का! थांबावं लागतं, म्हणून बटण दाबल्यावर पडद्यावरची हालचाल किंचित उशिरा दिसते. चपळाईचे गेम खेळणारे काहीजण म्हणूनच ते मुद्दाम बंद ठेवतात. २०१३ मध्ये एनव्हिडियाने 'जी-सिंक' जाहीर केलं. त्यात युक्ती उलटी आहे : बाईंचं लिहून होईपर्यंत वहीनेच थांबायचं! अर्थात त्यासाठी मॉनिटरही तसाच लागतो.

तेव्हा दोस्तांनो, यंत्र बिघडलं की आधी विचारायचं, 'काल आणि आज यांत काय बदललं?' बाजारात जायच्या आधी या प्रश्नाचं उत्तर शोधा. बरेचदा बाजारात जावंच लागत नाही!

तुमच्याही कॉम्प्युटरने काही गंमत केली असेल, तर लिहा. भेटू पुढच्या अंकात!