पवनेकाठची गर्दी कोणी आणली?

पिंपळे गुरव हे मूळचे पवनेकाठचे शेतीचे गाव. आज तेथे उन्हाळ्यात पाण्याऐवजी जलपर्णी दिसते. कारण विचारले की सुशिक्षित मंडळींचे ठरीव उत्तर येते : लोकसंख्या फार वाढली.

लोक वाढले हे खरेच. पिंपरी-चिंचवडची वस्ती 1991 मध्ये सुमारे 5 लाख 17 हजार होती. 2011 मध्ये ती 17 लाखांवर गेली. परंतु ही वाढ मुख्यतः पाळण्यातून झालेली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे अपत्ये सरासरी 1.7 आहेत, लोकसंख्या स्थिर राहण्यासही 2.1 लागतात. माणसे आली ती मराठवाड्याच्या कोरडवाहू शिवारांतून आणि परप्रांतांतून. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे औद्योगिक वसाहत आली, टेल्को आणि बजाज आले. कारखान्यांना हात हवे होते. त्या हातांना राहायला घर आणि शौचालय लागेल, हे मात्र कोणाच्याच ताळेबंदात नव्हते. (गर्दीचा दोष गरिबांवर टाकला की काय घडते, हे 1976 च्या नसबंदीच्या सक्तीत देशाने पाहिले आहे.)

शहर रावेतच्या बंधाऱ्यावर पवनेचे पाणी उचलते. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, हा नगर अभियंत्यांचा जुना हिशेब. म्हणजे पाण्याची प्रत्येक नवी योजना ही मैलापाण्याचीही योजना असते. पण दुसरीचा नारळ फोडायला मंत्री येत नाहीत. शुद्ध न होता नाल्यांतून सुटलेल्या मैलापाण्यातील नत्र व फॉस्फरसवर जलपर्णी पोसते, पाण्यातला प्राणवायू घटतो. पुढे हेच पाणी मुळेतून, भीमेतून उजनीत जाते आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात.

वरच्या अंगाला तर रक्त सांडले. धरणातून शहरात बंद नळाने पाणी नेण्यास विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मरण पावले. शहरातला तहानलेला कामगार बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा. या दोघांना एकमेकांसमोर उभे केले की भूखंडांचा नफा कोणाच्या पदरी पडला, हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

आपल्या कार्यकर्त्यांनी तो प्रभागातच विचारावा. नव्या इमारतीस परवानगी देण्यापूर्वी तिचे मैलापाणी कोणत्या शुद्धीकरण केंद्रात जाणार, तेथे तेवढी क्षमता शिल्लक आहे काय, आणि पूररेषेच्या आत राडारोड्याचा भराव टाकणाऱ्यावर कोणती कारवाई झाली, याची लेखी उत्तरे महापालिकेकडून घ्यावीत. ती मावळातल्या शेतकऱ्यांसमोर जाहीर सभेत वाचावीत.