अतिनील दिवे हवेसाठी, अंगासाठी नव्हे


अतिनील किरणांनी विषाणूसंसर्ग बरा होईल, असे सांगताना एका पत्रलेखकाने नील्स फिन्सेन यांच्या १९०३च्या नोबेलचा दाखला दिला आहे. तो इथे लागू पडत नाही. फिन्सेन यांनी उपचार केले ते त्वचेच्या क्षयरोगावर. तो जिवाणूंचा आजार. विषाणू तर आपल्याच पेशींत शिरून वाढतो. २५४ नॅनोमीटरचे किरण त्याचे जनुकीय द्रव्य मोडतात हे खरे, पण पेशीचा डीएनएही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाही. शिवाय फुप्फुसापर्यंत ते त्वचेतून पोहोचतच नाहीत. उलट, संशोधक विल्यम वेल्स यांनी फिलाडेल्फिया परिसरातील शाळांत वर्गाच्या वरच्या भागातील हवेवर अतिनील दिवे लावून गोवराचा फैलाव कमी केला. या दिव्यांची खरी जागा ती! दवाखान्यांनी ते जरूर बसवावेत. पण वाचकांनी कृपया घरी अंगावर हा प्रयोग करू नये.

– एक वाचक, सातारा