परीक्षण की प्रशस्तिपत्र?

ग्रंथाचे परीक्षण करणाऱ्याने निदान तो ग्रंथ वाचलेला असावा, एवढी अपेक्षा आपण सर्वच बाळगतो. मात्र हिरड्या बळकट करणाऱ्या गोळ्या, मुखदुर्गंधी घालविणाऱ्या जिवाणूयुक्त चघळगोळ्या अशा पूरक पदार्थांचे 'परीक्षण' नियतकालिकांतून प्रसिद्ध होते, तेव्हा ते बहुधा वेष्टनावरील मजकुराचेच सुबोध रूपांतर असते. त्यातही एक ओळ हमखास गळते. पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि परीक्षणात नेमके तेच नसते.

२०२२ च्या प्रारंभीचे एक प्रकरण संपादकवर्गाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. 'जगभरातील दंतवैद्यांची शिफारस' असा दावा करणाऱ्या सेन्सोडाइनच्या जाहिराती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बंद करावयास लावल्या आणि १० लाख रुपयांचा दंड ठोठावला. दाव्याच्या पुष्टीसाठी कंपनीने सादर केलेल्या दोन्ही पाहण्या केवळ भारतातील दंतवैद्यांच्या होत्या! 'जगभर' या शब्दास पुरावा काय, हा प्रश्न कोणत्याही दक्ष उपसंपादकास सुचावयास हवा होता. त्यासाठी दंतशास्त्राची पदवी लागत नाही.

पुरावा आहे असे सांगितले गेले, तरी तो कशाचा, हे पाहावे लागते. लाळेतील जिवाणू घटले म्हणजे दाताची कीड थांबली असे नव्हे. दात उगवल्यानंतर त्याच्या बाह्य कवचात जिवंत पेशी उरत नाहीत. त्यामुळे गिळलेली कॅल्शियमची गोळी त्या कवचाचा खड्डा भरून काढील, हे संभवत नाही. झायलिटॉल या गोडीद्रव्याचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानुसार, फ्लोराइडयुक्त टूथपेस्टमध्ये ते मिसळल्यास मुलांच्या कायमच्या दातांतील कीड सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. परंतु हा निष्कर्ष एकाच संशोधकगटाच्या अवघ्या दोन अभ्यासांवर उभा होता आणि आढावाकारांनी तो पुरावा दुय्यम प्रतीचा ठरविला. याउलट, साध्या फ्लोराइड पेस्टने कीड सुमारे २४ टक्क्यांनी घटते, या २००३ च्या निष्कर्षामागे सत्तर अभ्यास होते. परीक्षणात केवळ '१३ टक्के' छापणे असत्य नाही. पण ते प्रामाणिकही नाही.

येथे आपल्यापैकी अनेकांना अप्रिय वाटेल असेही काही लिहिणे भाग आहे. परदेशी कंपनीस आपण जो प्रश्न विचारतो, तो स्वदेशी दंतमंजनास विचारताना आपली लेखणी अडखळते. 'आयुर्वेदिक' हा शब्द पुराव्याची जागा घेतो. वास्तविक चरकसंहितेनेच आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा चार कसोट्या परीक्षेसाठी सांगितल्या आहेत. केवळ आप्तवचनावर ती थांबत नाही. परंपरेच्या नावाखाली काय चालते, हे महाराष्ट्रास मिश्रीने पुरेसे दाखविले आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात स्वच्छ करते, या समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी ती हिरड्यांवर घासली. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास १९९२ साली बंदी आली. घराच्या चुलीवर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला ती कशी रोखणार? अशा घरांत छापील शब्दाला वजन असते. म्हणूनच एखाद्या पुडीच्या भरवशावर रक्त येणाऱ्या हिरड्या किंवा न भरणारी जखम दाखविण्यास उशीर झाला, तर त्या विलंबात परीक्षणाचाही वाटा असतो.

तेव्हा नियतकालिकांनी काही गोष्टी पाळाव्यात. नमुना कोणी पाठविला, लेखकास मानधन कोणी दिले आणि त्याच उत्पादनाची जाहिरात अंकात आहे काय, हे परीक्षणाच्या माथ्यावरच छापावे, तळटिपेत नव्हे. अभ्यास किती जणांवर, किती काळ, कशाशी तुलना करून झाला आणि खर्च कोणाचा होता, हे लिहावे. 'मला गुण आला' हा अनुभव अवश्य छापावा, पण वाचकांच्या पत्रव्यवहारात. आणि 'निष्कर्ष काढण्याइतका पुरावा उपलब्ध नाही' एवढेच एखाद्या परीक्षणाचे तात्पर्य निघत असेल, तर जाहिरात विभागाच्या नाराजीची तमा न बाळगता तेही छापण्याची तयारी ठेवावी.