तात्पर्याचा रकाना

बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं घासल्यावर मला एवढं कळलंय, की माणसाचा एखाद्या चांगल्या गोष्टीवरचा जीव उडवायचा असेल, तर तिच्यासाठी एक फॉर्म छापावा.

आमचे चिरंजीव इथल्याच, नायगावातल्या एका शाळेत दुसरीत शिकतात. शाळेने यंदा 'वाचनसंस्कार' सुरू केला. दर शनिवारी एक पुस्तक वाचायचं आणि तक्ता भरायचा : पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, पात्रं, तात्पर्य, 'मी काय शिकलो' आणि खाली पालकाची सही. आता मला सांगा, पैसे काढून निघालेल्या खातेदाराला हाक मारून आम्ही कधी विचारतो का, "थांबा, या रकमेवरून आपण काय शिकलात?" विचारलं तर तो दुसऱ्या दिवशी खातं बंद करील. पोरांनी गोष्टींचं खातं बंद केलं, की मात्र आपण मोबाईलला शिव्या देतो!

मी तरी कुठला शहाणा? बी.कॉम. झालेला बाप. 'पुस्तकामागे दहा रुपये' अशी योजना जाहीर केली. चिरंजीवांनी आठवड्यात सात पुस्तकं संपवली. सगळी आठ-आठ पानांची, त्यात अर्ध्या पानावर चित्र. एकाही पुस्तकातलं त्याला काही सांगता येईना. आमच्याकडे ठेवी गोळा करण्याची मोहीम निघते तेव्हा मार्चअखेर जमा झालेले पैसे एप्रिलमध्ये जसे परत जातात, तसंच हे.

बरं, हा घरात पुस्तकं असलेला पोरगा. ज्यांच्या घरी कॅलेंडरशिवाय छापील कागद नाही, त्यांची गोष्ट शाळेच्या कपाटात असते आणि कपाटाला कुलूप असतं. पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार, म्हणून ते पोराच्या हातीच द्यायचं नाही. सरकारी भाषेत अशा मालाला 'डेडस्टॉक' म्हणतात. इतका नेमका शब्द आमच्या बँकेतही नाही.

'तात्पर्य नको, तर संस्कार कसे व्हायचे?' हा प्रश्न येणारच. अहो, न वाचणारी पोरं काही आजची नाहीत. अमरशक्ती राजाचे तिन्ही राजपुत्र असेच होते. पुस्तक दिसलं की पळायचे. ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्म्याने सहा महिन्यांची मुदत घेतली आणि पंचतंत्र सांगितलं. त्यात नीती ठासून भरली आहे, मान्य. पण रीत बघा. कोणी तरी म्हणतं, अमक्याने असं केलं म्हणून त्याचं तमकं झालं. ऐकणारा विचारतो, ते कसं काय? आणि गोष्ट सुरू होते. म्हणजे प्रश्न ऐकणाऱ्याचा आणि गोष्टीच्या आधी! आम्ही प्रश्न उचलून शेवटी नेला आणि मास्तरांच्या तोंडी दिला. चांदोबातला वेताळसुद्धा शेवटी प्रश्न विचारायचा, पण तो निवाडा मागायचा, तात्पर्य नव्हे. शिवाय तो भूत होता.

परवा रात्री पाऊस आला आणि रिवाजाप्रमाणे लाईट गेली. मोबाईलची बॅटरी संपलेली. नाइलाजाने चिरंजीव आजीच्या गोधडीत शिरले. आईने चिमणी-कावळ्याची काढली. गोष्ट जुनी, थेट लीळाचरित्रात चक्रधरस्वामींनी सांगितलेली. पण आईच्या चिमणीला कामं फार. "थांब, ज्वारी निवडू दे. थांब, लेकराला काजळ लावू दे."

"आजी, कावळा भिजायलाय न!"

"भिजू दे. शेणाचं घर बांध म्हणून मी सांगितलं होतं का त्याला?"

"पण दार तर उघड म्हण तिला!"

"उघडील की. आधी भाकरी थापून होऊ दे तिची..." आणि आईचा घोरण्याचा आवाज आला.

कावळा रात्रभर पावसात. पोरगं अंधारात दोनदा उठून बसलं. सकाळी आई देवळात गेलेली. याने दातसुद्धा न घासता सगळा गठ्ठा उपसला, चिमणीचं चित्र असलेलं पुस्तक शोधलं आणि उंबऱ्यात बसून, एकेका अक्षरावर बोट ठेवत, दार उघडलं की नाही ते वाचून काढलं. वर देवळातून आलेल्या आजीला ऐकवलं, "तुझ्या गोष्टीत भाकरी आहे, यात नाहीच!"

त्या शनिवारचा तक्ता सोमवारी परत आला. तात्पर्याच्या रकान्यात चिरंजीवांनी लिहिलं होतं, 'आजी झोपली.' बाजूला लाल शाईचं प्रश्नचिन्ह आणि खाली शेरा, 'पालकांनी समज द्यावी.'

मी चष्मा लावला. नाव बरोबर, पानं बरोबर, तारीख बरोबर, खाडाखोड नाही. शेऱ्याखाली 'तपासून पास केले' असं लिहून आडवी सही ठोकली.